तपासले, ठीक

पुरस्काराच्या माणसाला मी पहिल्याच फोनवर चोर ठरवलं.

सकाळची वेळ. बायको आंघोळीला गेली होती, मी पोहे परतत होतो आणि तिचा मोबाइल ओट्यावर थरथरत तेलाच्या बरणीकडं सरकत चालला होता. बरणी वाचवावी म्हणून मी तो उचलला. पलीकडून एक म्हातारा, संथ आवाज आला. "मॅडम आहेत का? आमच्या पुरस्काराच्या अंतिम फेरीत त्यांचं नाव आलंय."

त्या महिन्यात मला फोनवरून दोन लॉटऱ्या आणि एक मोटार लागून गेली होती, त्यामुळं मी तयारीत होतो. "बरं झालं," मी म्हणालो, "मंग ओटीपी आत्ता सांगू का पोहे झाल्यावर?"

"मला ओटीपी नको," आवाज म्हणाला. "मला मॅडम पाहिजेत."

"पोलीस चालतील का?" असं विचारून मी फोन ठेवला आणि पोह्यांवर कोथिंबीर भुरभुरली. दिवसाची सुरुवात झकास झाली असं मला वाटलं.

संध्याकाळी त्याच आवाजाचा परत फोन आला आणि या वेळी बायकोनं घेतला. ती फोन दोन्ही हातांत धरून "हो सर, हो सर" करत घरभर फिरली. मग फोन ठेवून माझ्यासमोर उभी राहिली.

"सकाळी आपल्या घरातून सरांना पोलिसात द्यायची भाषा कोणी केली?"

"आपल्या घरात तसं बोलणारं कोण आहे?" मी म्हणालो.

ती हसायला लागली. हसता हसता खुर्चीत बसली, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "अहो, शेवटच्या तिघांत आहे मी." मीही हसलो. पण ज्या संशोधनासाठी तिला तो पुरस्कार मिळायचा होता ते चुकलेलं होतं, आणि ही गोष्ट अख्ख्या मराठवाड्यात फक्त मला ठाऊक होती.

आता हे नीट सांगतो. आमच्या घरात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडं आहे. लग्नात, बारशात लोक म्हणतात, "भाऊजी, ती अमकी गोष्ट सांगा." ही गोष्ट मात्र आजवर मला कोणी सांग म्हणालेलं नाही.

पुरस्कार आपल्याच विभागातला. कॉलेजात शिकवता शिकवता भौतिकशास्त्रात संशोधन करणाऱ्यांसाठी एका दिवंगत प्राध्यापकांच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला. लाकडी पाटावर बसवलेला एक पितळी लंबक देतात, बोटानं ढकलला की बराच वेळ हलत राहतो. अट एकच, वय पंचेचाळिशीच्या आत पाहिजे. बायकोनं आधी दोनदा अर्ज केला होता. दोन्ही नकारपत्रं कपाटात, ठेवणीतल्या साड्यांच्या घडीत आहेत. येत्या मार्चमध्ये तिला पंचेचाळीस पूर्ण होणार होती. म्हणजे हीच शेवटची खेप.

तिचा विषय रेडॉन. जमिनीतून, दगडमातीतून हा वायू थोडा थोडा सतत वर येत असतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद घरात तो साठतो आणि त्यातून निघणारे कण फुप्फुसाला बरे नसतात. मी दहावीला विज्ञानात काठावर सुटलेला, शाळेत मराठी शिकवणारा माणूस. मला कळलं ते असं. चहाच्या पेल्याएवढी प्लॅस्टिकची डबी, तोंडाला बारीक जाळी, आत लाल फिल्मचा छोटा तुकडा. डबी घरात तीन महिने टांगायची. कण फिल्मवर आदळून डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पाडतात. मग फिल्म कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात ठेवली की ओरखड्यांची भोकं होतात आणि ती सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची. जितकी भोकं जास्त तितका वायू जास्त.

तिला बघायचं होतं की आपल्याकडच्या माळवदाच्या घरांत, म्हणजे मातीच्या भिंती, वर मातीचंच सपाट धाबं आणि शेणानं सारवलेली जमीन असलेल्या घरांत, वायू जास्त साठतो की नव्या स्लॅबच्या घरांत. केदारखेडा, हसनाबाद आणि वाटूर ही तीन गावं ठरली. प्रत्येक गावात निम्मी घरं माळवदाची, निम्मी स्लॅबची. तिला कॉलेजातून सुटी नाही, म्हणून डब्या टांगायचं काम माझ्याकडं आलं. माझ्याकडं मोटारसायकल आहे, तिन्ही गावांत नातेवाईक आहेत आणि मला भाषण करायला आवडतं. स्लॅबच्या घरांत मी डबी उंच, छताच्या हुकाला बांधली. माळवदात हुक कुठला, तिथं हाताशी असलेल्या खुंटीला अडकवली. हा फरक लक्षात ठेवा. मी ठेवला नाही.

डब्यांबरोबर बायकोनं मला एक वही दिली. घर क्रमांक, टांगल्याची तारीख, आणि दर महिन्याला जाऊन बघायचं की डबी जागेवर आहे का, कोणी हलवली का. त्या वहीचा मला फार अभिमान. माझं अक्षर मोत्यासारखं आहे असं लोक म्हणतात, आणि लोक म्हणाले नाहीत तर मी म्हणतो.

श्रावणात डब्या टांगल्या. गणपतीत पहिली फेरी इमानदारीनं केली. दुसरी फेरी नवरात्रात होती. त्याच वेळी आमच्या गल्लीच्या व्याख्यानमालेचं सूत्रसंचालन माझ्याकडं आलं. नऊ दिवस, नऊ वक्ते, प्रत्येकाची ओळख करून द्यायची. मी आरशासमोर उभा राहून ओळखी पाठ करत होतो. गावं राहिली. शेवटच्या दिवशी मला शाल आणि नारळ मिळाला. घरी येऊन नारळ देवाजवळ ठेवला आणि वहीत प्रत्येक घरासमोर माझ्या त्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, "तपासले, ठीक."

दिवाळीनंतर डब्या गोळा करायला पहिल्यांदा केदारखेड्याला मावशीकडं गेलो. मावशीचं घर माळवदाचं. आत गेलो तर खुंटी रिकामी.

"मावशे, डबी कुठंय?"

"ती काय ओसरीत," मावशी म्हणाली. ओसरीच्या बाहेरच्या खांबाला, वाऱ्यावर, डबी झोके घेत होती. "घट बसायच्या आधी काढली. समदं घर भाईर काढलं, धुतलं, सारवलं. तवा घरात एक सुतळीबी ठिवत न्हाई आमी. मंग तुझ्या बायकूची वस्तू पारोशी कशी ठिवू? धुतली. आत लाल कागूद व्हता, त्यो पुसून बराबर परत ठिवला."

"आणि नंतर आत न्हाई टांगली?"

"भाईर छान दिसून राह्यली ना रे. हवा मोजती म्हनलास, तर म्हनलं मोजू दे की चांगली मोकळी."

शेजारच्या ओसरीतही तशीच एक डबी हलताना दिसली. तेव्हा मी जे केलं ते लिहायला हात जड होतो. मी पुढच्या माळवदाच्या घरांत शिरलोच नाही. दारातून "डबी द्या" म्हणायचं आणि बाई ती कुठून आणते हे दिसू नये म्हणून खाली वाकून बुटाची लेस बांधत बसायचं. मी चप्पल घालतो. हसनाबाद आणि वाटूरला पण असंच. विचारलं नाही म्हणजे माहीत नाही, आणि माहीत नाही म्हणजे खोटं नाही, असा हिशेब मी मोटारसायकलवर जुळवत आलो. बायकोला सांगायचं तर दुसरी फेरी केलीच नाही हेही सांगावं लागलं असतं. शाल अजून नवी होती.

तिनं दीड महिना भोकं मोजली. कॉलेजात खेळाच्या सामानाच्या खोलीत, एका कोपऱ्यात तिचा सूक्ष्मदर्शक आहे. एक दिवस घरी आली ती चप्पल न काढताच स्वयंपाकघरात. "अहो, माळवदात कमी येतंय. तिन्ही गावांत. इतकं स्वच्छ कमी येतंय की मी परत मोजलं. सारवणानं जमिनीच्या भेगा बुजत असणार. आपल्या आज्या-पणज्या जे करत होत्या ना..." मी "वा" म्हणालो. तेवढाच एक शब्द माझ्याजवळ होता.

त्या निष्कर्षावर तिनं निबंध लिहिला, पुरस्काराला पाठवला आणि मग तो पोह्यांच्या वेळचा फोन आला. पुढच्या रविवारी संभाजीनगरला परीक्षकांपुढं सादरीकरण होतं. आठ दिवस हातात होते.

त्या आठवड्यात मी रोज सांगायला सुरुवात केली. सकाळी चहाला म्हणालो, "एक सांगायचं होतं." ती म्हणाली, "सांगा." मी म्हणालो, "साखर कमी झालीय." दुसऱ्या दिवशी ती पालक निवडत होती, तिथं जाऊन बसलो आणि तिच्याबरोबर सगळी जुडी निवडून उठलो. तिसऱ्या दिवशी शाळेतून चिठ्ठी लिहून आणली. खिशातच धुतली गेली आणि तिचा लगदा बायकोनंच माझ्या विजारीतून काढला. "काय होतं यात?" "काही न्हाई, यादी." झोप जात होती, जेवण जात होतं. ती म्हणाली, "मुलाखत माझी आहे, तुम्ही कशाला खंगताय?"

एका दुपारी शाळेतून आलो तर ती बैठकीतलं शोकेस पुसत होती. वक्तृत्वाच्या आणि सूत्रसंचालनाच्या माझ्या ढाली तिनं एका कडेला सरकवल्या होत्या. मधे वीतभर जागा मोकळी. मला बघून ती ओशाळली आणि तिथं फुलदाणी ठेवली. मी आत गेल्यावर फुलदाणी परत उचलल्याचा आवाज आला.

गुरुवारी संध्याकाळी तिनं तालीम मांडली. भिंतीला चादर लावली, घड्याळ समोर ठेवलं आणि मला आरामखुर्चीत बसवलं. "तुम्ही परीक्षक व्हा. शेवटी प्रश्न विचारा. अवघड विचारा, लाड करू नका."

ती बोलली. वीस मिनिटं बोलली, आणि घरात मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात बोलली. वायू कुठून येतो, डबी कशी बनवली, घरं कशी निवडली, माळवदातली भोकं किती कमी. मला पहिल्यांदा सगळं समजलं, आणि समजल्यामुळं आणखी वाईट झालं. ती थांबली. ओढणीनं कपाळ टिपून म्हणाली, "काही शंका, सर?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, मधल्या काळात कोणी डब्या जागेवरून हलवल्या होत्या का?"

तिचा चेहरा उजळला. "चांगला प्रश्न. हे विचारतीलच." तिनं टेबलावरची वही घेतली आणि उघडून माझ्यासमोर धरली. "नाही सर. दर महिन्याला प्रत्येक घरात जाऊन तपासणी केलीय. ही नोंद. बघू शकता."

माझंच अक्षर. तपासले, ठीक. तपासले, ठीक. पानभर मोती.

"मॅडम," मी म्हणालो, "ही नोंद करणारा माणूस दुसऱ्या फेरीला गेलाच न्हाई."

तिला वाटलं मी अजून परीक्षकच आहे. "असं कसं म्हणता, सर?"

"अगं, मी बोलतोय," मी म्हणालो. मग सगळं सांगितलं. व्याख्यानमाला, मावशीची ओसरी, लाल कागद, चपलेची लेस. मधे एकदा विनोद करायचा प्रयत्न केला. तो तसाच चादरीवर जाऊन पडला.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पेन घेतलं आणि प्रश्न विचारले. कोणत्या दिवशी काढली. धुतल्यावर वाळायला कुठं ठेवली. ओसरीत किती दिवस. इतर घरं किती. शेवटच्या प्रश्नाला मी म्हणालो, "माहीत न्हाई." ती म्हणाली, "उद्या रजा टाका."

शुक्रवारी सकाळी जल्दी निघालो, ती मागं बसली, वही मांडीवर. दिवसभरात तिन्ही गावं झाली. ती प्रत्येक दारात एकच विचारायची, "घट बसायच्या आधी डबी काढली होती का?" माळवदाच्या घरात उत्तर यायचं, "व्हय तर, धुतली ना." स्लॅबच्या घरात यायचं, "वर हात कुठं पुरतो, तिथंच होती." कोणी काही लपवलं नाही. बायका अभिमानानं सांगत होत्या. म्हणजे माळवदातली भोकं कमी होती ती सारवणानं नव्हे. तिथल्या डब्या अर्धा काळ मोकळ्या हवेत होत्या.

मावशीला अंदाज आला असावा. तिनं बायकोचा हात धरला. "माझ्यामुळं काय बिघडलं का गं सूनबाई?"

"तुमचं काही नाही, मावशी. तुम्ही विचारल्यावर खरं सांगितलंत."

मी ओसरीच्या कडेला उभा होतो. खांबाला सुतळीचं टोक तसंच लोंबत होतं, ते मी बघत राहिलो.

परतताना फाट्यावर चहाला थांबलो. तिथं मी अक्षरशः हात जोडले. चहावाला बघत होता, बघू दे म्हटलं. "हे बघ, तिथं कोणाला काय कळणार आहे? परीक्षक काय केदारखेड्याला येणार आहेत? तू बक्षीस घे, मंग पुढच्या वर्षी परत मोज, काय चुकलं असेल ते तेव्हा छाप. मार्चनंतर तुला अर्ज पण करता येणार न्हाई. माझ्या चुकीसाठी तू कशाला मरतेस?"

तिनं चहा संपवला. मग म्हणाली, "तुम्ही मला दोनदा खोटं करायला निघालात." आणि कप ठेवून मोटारसायकलजवळ जाऊन उभी राहिली. मी पुढचे वीस किलोमीटर वाऱ्यामुळं डोळ्यांत पाणी येतंय असं स्वतःला सांगत आलो. हेल्मेटला काच होती.

घरी आल्यावर तिनं आपला मोबाइल माझ्या हातात दिला. "सरांना फोन लावा. तुम्हीच लावा."

मी लावला. माझा "नमस्कार" ऐकताच संथ आवाज म्हणाला, "आज ओटीपी हवाय का पोलीस?" मी नुसता फोन तिच्याकडं दिला. तिनं सांगितलं. कारण सांगितलं, निष्कर्ष मागं घेते असं सांगितलं. नोंद चुकीची होती एवढंच म्हणाली, कोणी केली हे नाही म्हणाली. मी शेजारी उभा होतो आणि तिनं माझं नाव घेतलं असतं तर मला जरा तरी हलकं वाटलं असतं.

पलीकडून बराच वेळ काही बोलणं चाललं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "पुढच्या वर्षी मी नियमात बसत नाही, सर. मार्चमध्ये पंचेचाळीस." ते काही सवलत सुचवत असावेत. "नाही सर, नियम बरोबरच आहे. माझ्यासाठी नको." फोन ठेवला. डाळ उकळून गॅसवर सांडत होती, तिकडं गेली.

पुरस्कार दुसऱ्या एका तरुण प्राध्यापकाला मिळाला. लंबकाचा फोटो पेपरात आला होता. तिनं बातमी पूर्ण वाचली, त्याचं काम चांगलं आहे म्हणाली, आणि तोच कागद कॉस्टिकच्या भांड्याखाली घालायला पिशवीत टाकला. माझ्याशी ती बोलत होती. दूध आणा, बिल भरा, कुकरची शिट्टी मोजा. एवढंच. शोकेसमधली वीतभर जागा तशीच होती. एक दिवस मी माझ्या ढाली सगळ्या उतरवून पोत्यात भरल्या आणि माळ्यावर टाकल्या. तिनं बघितलं. शोकेस रिकामं झालं आणि ती वीतभर जागा आणखी मोठी दिसायला लागली.

असा उन्हाळा गेला. पुढच्या श्रावणात एका रविवारी ती कॉलेजातून खोकं घेऊन आली. आत नव्या डब्या, जाळी, लाल फिल्म. परत मोजायला तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि आता त्यात बक्षीसही काही नव्हतं. मी मोटारसायकल पुसली, पिशव्या बांधल्या. मग धीर करून वही मागायला हात पुढं केला. तिनं वही आपल्या पर्समध्ये ठेवली आणि चेन लावली.

"ही माझ्याकडं राहील," ती म्हणाली. "तुम्ही फक्त डब्या टांगा. आणि मावशींना सांगा, घट बसायच्या आधी खुशाल काढा, धुवा, पण काढाल त्या दिवशी भिंतीवर कोळशानं एक रेघ मारा आणि परत आत टांगाल त्या दिवशी दुसरी. त्यांच्या रेघेवर माझा विश्वास आहे."